डॉक्टर, मला मराठीत समजावलंत, मग तिला कुणी समजावायचं? : आमच्या लिव्हरच्या डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
आमच्या लिव्हर क्लिनिकचे डॉक्टर,
आणि अमेरिकेत लिव्हरचे, पोटाचे, फॅमिली मेडिसिनचे जे जे मराठी डॉक्टर आहेत ते सगळे

नमस्कार डॉक्टर,

तुमचं नाव लिहीत नाही, क्लिनिकचं नाही आणि गावाचं पण नाही. कॅलिफोर्नियाची सेंट्रल व्हॅली एवढं पुरे. वाचून तुम्हाला कळेलच कोण लिहितंय, कारण दर तीन महिन्यांनी तुमच्यासमोर बसून "काय म्हणतंय तासगाव" हे ऐकणारी पेशंट तुमच्याकडे एकच असणार. इंग्रजीत लिहिलं असतं तर ते क्लिनिकच्या ऑफिसात गेलं असतं आणि तिकडून छापील उत्तर आलं असतं. मराठीत लिहिलं की तुम्हालाच वाचावं लागेल. आणि उघड लिहितेय कारण गणपतीत मंडळाच्या आरोग्य व्याख्यानात तुम्ही बोललात तेही उघडच, दीडशे माणसांसमोर. कुणीतरी विचारलं की लिव्हरचे पेशंट बिघडतात कशाने, तर तुम्ही म्हणालात इथल्या मेक्सिकन पेशंटचं अवघड आहे हो, सीझन सुरू झाला की गायब होतात, गोळ्या घेत नाहीत, झाडपाला खातात. लोक हसले. मी पण हसले थोडं, खोटं कशाला सांगू. आणि त्याच आठवड्यात मला सेन्योराने तुमच्या सहीचं, तिचं नाव क्लिनिकमधून कमी केल्याचं पत्र दाखवलं.

सेन्योरा, म्हणजे स्पॅनिशमध्ये बाई, मेक्सिकोतून आलेली, तुमचीच पेशंट. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठी, मला "मिहा" म्हणते, म्हणजे आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका "बाळा" म्हणतात ना तसं. उन्हाळ्यात द्राक्षाच्या बागेत असते, हंगाम संपला की पॅकिंगला. आमची ओळख रक्त द्यायच्या लाईनीत झाली. मी इथे एका पॅकिंग हाऊसमध्ये पगाराचा हिशोब बघते त्यामुळे मोडकंतोडकं स्पॅनिश येतं, आणि वडिलांची तासगावला बाग असल्यामुळे बेदाण्यावर मी कुणाशीही तासभर बोलू शकते. तिला मी सांगितलं की आमच्याकडे द्राक्षं पोटॅशच्या पाण्यात बुडवून शेडमध्ये जाळीवर वाळवतात, तिने सांगितलं की इथे अजून बऱ्याच ठिकाणी बागेतच दोन ओळींच्या मध्ये कागद अंथरून त्यावर उन्हात टाकतात. मग कळलं की आजार पण एकच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ऑटोइम्यून हेपटायटिस म्हणजे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटते. दारूचा संबंध नाही, व्हायरसचा नाही, एकाचं दुसऱ्याला होत नाही. बायकांना पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतो. वेळेवर कळलं तर स्टेरॉइड आणि अझाथायोप्रिन या दोन जुन्या, स्वस्त गोळ्यांवर माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत राहतो, मी राहिलेय. उशीर झाला तर सिरॉसिस, पोटात पाणी, ट्रान्सप्लांटची लाईन. उशीर कुणाला होतो यावरच हे पत्र आहे. २०१२ साली छापून आलेला कॅलिफोर्नियातलाच एक अभ्यास आहे, तुम्हाला माहीत असणारच, त्यात हिस्पॅनिक पेशंटपैकी निम्म्याहून जास्त जणांना सिरॉसिस झालेला होता, गोऱ्या पेशंटमध्ये तीसएक टक्के. आता हे सगळं झाडपाल्याने झालं असं तुमचं म्हणणं असेल तर माझं काही म्हणणं आहे.

आधी माझी गोष्ट सांगते. २०१७ ला माझं एएलटी, म्हणजे लिव्हर दुखावलं की रक्तात वाढणारं एन्झाईम, नऊशेच्या वर गेलं, डोळे पिवळे. आईने फोनवर सांगितलं की गावाकडे ये, कावीळ उतरवून घेऊ, गळ्यात माळ घालू, आणि मी तिकीट बघत पण होते. तुम्ही बायोप्सी केलीत, आणि मग बाकी पेशंट खोळंबले असताना पंचवीस मिनिटं बसून मला मराठीत सगळं समजावलंत. कागदावर लिव्हरचं चित्र काढलंत, तो कागद अजून माझ्याकडे आहे. स्टेरॉइड अचानक बंद केलं तर काय होईल, वजन वाढेल, झोप उडेल, चिडचिड होईल, नवऱ्याला आधीच सांगून ठेव, हे पण सांगितलंत. आणि अझाथायोप्रिन सुरू करायच्या आधी म्हणालात, हे औषध शरीराला झेपेल का ते सांगणारी टीपीएमटी टेस्ट तर करूच पण आपल्या लोकांमध्ये एनयूडीटी१५ नावाच्या तसल्याच एका जीनचा पण घोळ असतो, ती पण करून घेऊ. केली, आणि माझी एक कॉपी बिघडलेली निघाली. तुम्ही डोस अर्ध्यावर आणलात. माझा एक केस पडला नाही.

सेन्योराला तुम्ही त्याच गोळ्या दिल्यात. तिची फक्त टीपीएमटी केली, ती नॉर्मल आली, पूर्ण डोस सुरू. तिसऱ्या आठवड्यात केसांचे पुंजकेच्या पुंजके हातात यायला लागले, मग ताप, मग इमर्जन्सी, पांढऱ्या पेशी दोन हजाराच्या खाली, नऊ दिवस ॲडमिट. तिची एनयूडीटी१५ तेव्हा केली नव्हती आणि नंतरही कुणी केली नाही, त्यामुळे कारण तेच होतं असं मी ठामपणे म्हणू शकत नाही. पण पहिल्या काही आठवड्यात केस गळणं आणि पांढऱ्या पेशी धाडकन कोसळणं ही त्याच बिघाडाची ओळख आहे, हे मला तुम्हीच शिकवलंत. आणि तो जीन काही फक्त आपल्या लोकांमध्ये बिघडत नाही. २०१४ ला हा बिघाड कोरियात सापडला, दुसऱ्याच वर्षी ल्युकेमियाच्या मुलांमध्ये तपासला तेव्हा पूर्व आशियातल्या मुलांबरोबर हिस्पॅनिक मुलांमध्ये पण दिसला, म्हणजे ज्यांच्या रक्तात मूळ अमेरिकन लोकांचा वाटा आहे त्यांच्यात. २०१८ च्या डोसच्या गाईडलाईनमध्ये टीपीएमटीच्या जोडीला तो आलेला आहे. मेक्सिकोतून आलेल्या बाईला हा धोका असू शकतो हे तुम्हाला सुचलं नाही आणि तासगावच्या बाईला असू शकतो हे सुचलं, कारण मी तुमच्यातली. यात दुष्टपणा नाही हो, मला माहितेय. पण नऊ दिवस दवाखान्यात ती पडली होती.

आणि तिच्या फाईलमध्ये काय लिहिलंय? "लॅबच्या तारखा चुकवल्या." आता हा हिशोब मी मांडून दाखवते, माझं रोजचं कामच ते आहे. अझाथायोप्रिन सुरू केल्यावर पहिला महिना दर आठवड्याला रक्त, पुढचे दोन महिने पंधरा दिवसांनी, म्हणजे तीन महिन्यात आठ वेळा. लॅब आठ ते चार, शनिवार-रविवार बंद, तिच्या बागेपासून चाळीस मैल. म्हणजे दर वेळी अर्धा दिवस, आठ अर्धे म्हणजे चार दिवस. कॅलिफोर्नियात पगारी आजारपणाची रजा २०२४ पासून वर्षाला पाच दिवस. उरला एक. त्या एका दिवसात तिने तुमच्याकडे यायचं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, स्टेरॉइडने शुगर वाढली ती दाखवायची, आणि पोरगं आजारी पडलं तर तेही त्यातच. त्यानंतर पडला तो खाडा. तोडणीच्या दिवसात खाडे पडले की मायोर्दोमो, म्हणजे आपला मुकादम हो, दुसरी बाई उभी करतो. आमच्या बागेत डिपिंगला, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवायला, येणाऱ्या बायकांचं पण हेच होतं, मी लहानपणापासून बघितलंय, तेव्हा त्या "कामचुकार" वाटायच्या. तिने आठपैकी पाच वेळा रक्त दिलं. मला विचाराल तर ती बाई धन्य आहे.

दुसरं, भाषा. आधी क्लिनिकमध्ये मंगळवार-गुरुवार एक स्पॅनिश बोलणाऱ्या बाई इंटरप्रिटर म्हणून बसायच्या. त्यांना काढलं आणि स्टँडवर टॅबलेट आणला. त्यावर कधी माणूस येतो, कधी फिरणारं चक्र. शेवटच्या दोन्ही वेळी चक्रच फिरत राहिलं म्हणून नर्सने सेन्योराच्या चौदा वर्षांच्या मुलीला आत घेतलं आणि त्या पोरीने आपल्या आईला सांगितलं की तुझं लिव्हर आकसतंय. चौदा वर्षांची पोर. परवडणाऱ्या आरोग्यसेवेच्या कायद्याचं कलम १५५७ आहे, त्याच्या २०२४ च्या नियमात स्पष्ट लिहिलंय की इमर्जन्सी सोडून लहान मुलांना दुभाषी म्हणून वापरायचं नाही. २०२५ मध्ये इंग्रजी देशाची अधिकृत भाषा झाली म्हणून सरकारी हुकूम निघाला, त्याने हे कलम रद्द झालेलं नाही. (आणि स्पॅनिश दुभाषी आणला की झालं असंही नाही, मेक्सिकोतल्या ओआहाकाकडून आलेल्या कित्येकांची घरची भाषा मिश्तेक आहे, स्पॅनिश त्यांना आपल्या नंदुरबारच्या पाड्यावरच्या आजीला मराठी येते तितपतच येते. पण ते पुढचं, आधी स्पॅनिश तरी होऊ दे.)

गोळ्यांच्या बाटलीचं पण सांगते. लेबल इंग्रजीत. "वन्स" डेली, म्हणजे दिवसातून एकदा. इंग्रजीत तो शब्द जसा लिहितात तस्साच स्पॅनिशमध्ये लिहिला तर त्याचा उच्चार ओन्से आणि अर्थ अकरा! सेन्योरा शहाणी, तिने दिवसाला अकरा गोळ्या हे पटेना म्हणून मला विचारलं. कॅलिफोर्नियात मागितलं तर फार्मसीने स्पॅनिशमध्ये सूचना द्यायच्या असा कायदा आहे, पण मागायचं असतं हे तिला कोण सांगणार, टॅबलेट?

तिसरं, निदानाला लागलेला वेळ. तिचे एन्झाईम तुमच्याकडे यायच्या चार वर्षं आधीपासून वाढलेले होते. दर वेळी एकच, फॅटी लिव्हर, वजन कमी करा, तोर्तिया कमी खा. मान्य आहे की लॅटिनो लोकांमध्ये फॅटी लिव्हर खरंच जास्त आहे, पीएनपीएलए३ या जीनचं २००८ पासून सगळ्यांना माहीत आहे, त्याचा लिव्हरमध्ये चरबी वाढवणारा प्रकार त्यांच्यात सगळ्यात जास्त सापडतो. पण त्यामुळेच उलटा घोळ होतो ना. चेहरा बघितला, आडनाव बघितलं, फॅटी लिव्हर लिहून मोकळे. फॅटी लिव्हर आणि ऑटोइम्यून दोन्ही एकाच बाईला असू शकतं. आयजीजी, एएनए, स्मूथ मसल अँटीबॉडी, तीन रक्ताच्या टेस्ट, पहिल्याच वर्षी झाल्या असत्या तर कळलं असतं. एएनए थोडं पॉझिटिव्ह फॅटी लिव्हरमध्ये पण येतं हे मला माहीत आहे, म्हणून तर आयजीजी बघायचं आणि शंका राहिली तर बायोप्सी. तिची बायोप्सी झाली तेव्हा सिरॉसिसची सुरुवात होऊन गेलेली होती. आणि त्यामुळे तिला बुडेसोनाइड हे सौम्य स्टेरॉइड देता येत नाही, ज्याने शुगर आणि वजनाचा त्रास कमी होतो, कारण ते सिरॉसिसमध्ये चालत नाही. म्हणजे उशीर झाला म्हणून सौम्य औषध गेलं, कडक स्टेरॉइड आलं, त्याने शुगर वाढली, आणि शुगर वाढली म्हणून तिलाच बोलणी बसतात.

आता झाडपाला. सेन्योराला प्रत्येक व्हिजिटला विचारतात, येर्बास घेता का, चहा कुठला पिता, बाजारातून कसली पावडर आणता का. विचारायलाच पाहिजे. मला आठ वर्षांत एकदाही विचारलं नाही! आणि मी २०२० मध्ये कोविडच्या भीतीने रोज गुळवेलाचा काढा पीत होते, आईने कुरियरने पाठवलेला. २०२१ मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी छापलं की गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटना लिव्हरची इजा झाली आणि ती दिसायला ऑटोइम्यूनसारखी होती, आयुष मंत्रालयाने ते नाकारलं, बराच वाद झाला. इथे अमेरिकेत हळदीच्या कॅप्सूलने लिव्हर बिघडल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात. मंडळात त्या दिवशी हसणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरात त्या कॅप्सूल आहेत, पैजेवर सांगते. म्हणून ते हसणं मला लागलं.

अजून एक बारीकसं वाटेल पण बारीक नाही. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध देऊन तुम्ही माणसाला परत पाठवता ते कुठे, तर व्हॅलीतल्या धुळीत. इथल्या मातीत व्हॅली फीव्हर या फुफ्फुसाच्या आजाराची बुरशी आहे हे इथलं शेंबडं पोर पण सांगेल. अनवाणी मातीत वावरलेल्या माणसाच्या पोटात स्ट्राँगिलॉइडिसचा जंत वर्षानुवर्षं गुपचूप राहतो आणि स्टेरॉइड सुरू झालं की जीवावर उठतो, ओआहाकात काय आणि कोकणात काय. आणि अझाथायोप्रिनवर असताना उन्हाने कातडीच्या कॅन्सरचा धोका वाढतो, आणि ही बाई दहा तास उन्हात. मला तुम्ही म्हणालात टोपी घाल, सनस्क्रीन लाव. मी एसीत बसते. तिला कुणी सांगितलं का? मी विचारलं, नाही.

आणि शेवटी ते पत्र. बारा महिन्यात तीन अपॉइंटमेंट चुकल्या तर क्लिनिकमधून पेशंट कमी, असा नवा नियम. शाळेतून पोराचं नाव कमी करतात तसं. इंग्रजीत, दोन परिच्छेद, ३० दिवसांच्या गोळ्या मिळतील, नंतर दुसरा डॉक्टर शोधा. खाली सही तुमची. तीनपैकी दोन तारखा तोडणीच्या ऐन भरात दिलेल्या, आणि तिसऱ्या वेळी ती आली होती डॉक्टर, मी सोबत होते, वीस मिनिटं उशीर झाला म्हणून काऊंटरवरूनच परत पाठवली, ती पण "गैरहजर" मध्येच धरली. आता तिचं दुसरं औषध चालू आहे, मायकोफेनोलेट, आणि सोबत स्टेरॉइड. व्हॅलीत दुसरा लिव्हरचा डॉक्टर कुठे आहे आणि नव्या पेशंटला किती महिन्यांनी बघतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. ३० दिवसांनी हे सगळं धाडकन बंद झालं तर आजार उसळणार हे पण तुम्हीच मला चित्र काढून दाखवलं होतं. तिचे इमिग्रेशनचे कागद कसे आहेत मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही, पण इतकं सगळ्यांना ठाऊक आहे की जानेवारी २०२६ पासून कागद नसलेल्या १९ वर्षांच्या आणि त्यावरच्या माणसाला मेडी-कॅलच्या, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या इथल्या सरकारी आरोग्य विम्याच्या, पूर्ण योजनेत नव्याने नाव घालता येत नाही, आधीच आत असलेल्याचं रिन्यूअल हुकलं आणि मुदतीत निस्तरलं नाही तर परत आत यायचा रस्ता बंद. अशा दिवसात माणसं सरकारी लिफाफा उघडायलाच घाबरतात, आणि तुम्ही लिफाफ्यातूनच नावं कमी करताय.

मागण्या साध्या आहेत. सेन्योराचं नाव परत घ्या आणि तिच्या गोळ्या एक दिवसही तुटू देऊ नका, हे आधी, बाकी नंतर. तो तीन चुकांचा नियम ऑटोइम्यूनच्या पेशंटना लावू नका, निदान नाव कमी करायच्या आधी त्या माणसाच्या भाषेत एक फोन करा, आणि उशिरा आलेल्याला गैरहजर धरणं बंद करा. इंटरप्रिटर बाईंना परत बोलवा, टॅबलेट राहू दे जोडीला, पण पोरांना आत घ्यायचं नाही. अझाथायोप्रिन लिहायच्या आधी टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ दोन्ही, प्रत्येकाची, आडनाव न बघता. स्टेरॉइडच्या आधी हेपटायटिस बी, टीबी, व्हॅली फीव्हर आणि जंताची तपासणी. जून ते ऑक्टोबर लॅब आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत उघडी ठेवा, नाहीतर रविवारी सकाळी. फार्मसीला पाठवताना स्पॅनिश लेबल हवंय असं तिथेच टाईप करा, एक ओळ लागते. आणि झाडपाल्याचं सगळ्यांना विचारा, मला पण.

बाकीच्या मराठी डॉक्टरांना एवढंच विचारते, तुमच्यापैकी बरेच जण फ्रेस्नो, ह्युस्टन, एल पासो, शिकागो अशा ठिकाणी असाल, तुमच्या वेटिंग रूममध्ये निम्मी माणसं स्पॅनिश बोलणारी असतील. तुमच्या क्लिनिकमध्ये हा तीन चुकांचा नियम आहे का, आणि त्याने आत्तापर्यंत कुणाची नावं कमी झाली, एकदा यादी काढून बघा. आडनावं वाचा फक्त.

डॉक्टर, तुम्ही माझा जीव वाचवलाय आणि हे लिहिताना हात जड होतोय, घरात पण दोन मतं आहेत, नवरा म्हणतो उद्या तुलाच ट्रान्सप्लांट लागलं तर? लागलं तर लागलं. येत्या मंगळवारी सव्वा नऊला माझी अपॉइंटमेंट आहे. मी सेन्योराला सोबत आणतेय, माझी वेळ तिला द्या, मी नंतर कधीही येईन. माझ्या मोडक्या स्पॅनिशवर काम भागवू नका, इंटरप्रिटर बाई बोलावून ठेवा. आणि लिव्हरचं चित्र काढायला कोरा कागद लागेल, तो मी आणते.

तुमची पेशंट,
तासगावची